स्विंगचे क्लास एक्स्टेंड करून सात-आठ महिने झाले, अनुभव लिहितोय

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीसाठी जावा स्विंगमध्ये (खिडक्या, बटणं, टेबलं बनवायची जावाची लायब्ररी) प्रोग्राम केलाय, गणपती झाल्यावर बसवला, आता पाऊस तोंडावर आलाय. हीट नंबर (वितळवलेल्या धातूच्या घाण्याचा नंबर), कास्टिंगचं वजन, रिजेक्शन सगळं एका मोठ्या जेटेबलमध्ये, म्हणजे स्विंगच्या टेबलात, हेडिंग मराठी-कन्नड दोन्ही. जुनाट पीसीवर सुद्धा मस्त पळतं, त्याबद्दल स्विंगला पैकीच्या पैकी मार्क.

पण हे जे पळतं ना, ते आत केलेल्या शॉर्टकटांमुळं, आणि क्लास एक्स्टेंड करून, म्हणजे तयार क्लासवर आपला क्लास रचून, आपलं ड्रॉइंग घुसवलं की तेच शॉर्टकट आडवे येतात.

मालकांना टेबलाच्या मधोमध कंपनीचा फिकट लोगो पाहिजे होता, स्क्रोल केलं तरी जागचा न हलणारा. जेटेबल एक्स्टेंड केलं, पेंटकंपोनंट ह्या रंगवायच्या मेथडमध्ये सुपर बोलावून (म्हणजे मूळचं टेबल आधी रंगवून) वर लोगो काढला, झालं. दुसऱ्या दिवशी ऑपरेटरचा फोन, "लोगो ताणूलालाय की ओ!" कारण काय तर जेव्ह्यूपोर्ट (टेबलाचा दिसणारा भाग दाखवणारी खिडकी) डिफॉल्टनं ब्लिट मोडमध्ये असतो, म्हणजे स्क्रोल करताना स्क्रीनवरचे जुने पिक्सेल तसेच उचलून सरकवतो आणि नवीन उघडी पडलेली पट्टी तेवढीच रंगवायला सांगतो, मग लोगो पण पिक्सेलांबरोबर सरकणार आणि पट्टीत त्याचा नवा तुकडा उमटणार. गंमत म्हणजे माझ्या लॅपटॉपवर हे दिसायचंच नाही, तिथं स्क्रीनचं स्केलिंग 125 टक्के आणि नव्या जावात असलं अपूर्णांकातलं स्केलिंग असलं की ब्लिट आपोआप बंद! शेवटी सेटस्क्रोलमोडला सिंपल स्क्रोल मोड दिला. टेबल ओपेक (मागचं काही न दिसणारं) नाही असं सांगितलं तरी ब्लिट थांबतं, पण मग बॅकग्राउंडची वेगळी कटकट.

रेंडररचं, म्हणजे टेबलाचा एकेक सेल रंगवणाऱ्या क्लासचं, तर विचारूच नका. रिजेक्ट झालेला सेल लाल लुकलुकावा म्हणून डिफॉल्टटेबलसेलरेंडररच्या सबक्लासमध्ये टायमर लावला, आतून रिपेंट (पुन्हा रंगव) बोलावलं, तर ढिम्म. एरर नाही, काही नाही. एकच लेबल सगळ्या सेलांवर शिक्क्यासारखं उठवायचं असतं म्हणून स्पीडसाठी त्यात रिपेंट, व्हॅलिडेट, रिव्हॅलिडेट ह्या मेथड मुद्दाम रिकाम्या ठेवल्यात, प्रॉपर्टी बदलल्याचे इव्हेंट पण मोजकेच बाहेर सोडतात. डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय हे, पण कोडमध्ये मेथड पब्लिक दिसते, कंपायलर गप्प, मग कोण कशाला वाचतंय. टायमर बाहेर काढून टेबलालाच त्या सेलपुरतं रिपेंट सांगितलं, चाललं.

उलट पॅनेलवर पॅनेल चढवायचं असेल तर इझऑप्टिमाइझ्डड्रॉइंगइनेबल्ड (आतले भाग एकमेकांवर चढत नाहीत असं सांगणारी मेथड) ओव्हरराइड करून फॉल्स द्यायचं, नाहीतर खालचं बटण वर डोकं काढतं. इथं शॉर्टकट बंद करायची सोय उघड ठेवलीय, असं सगळीकडं असतं तर एवढी डोकेफोड झाली नसती.

तेव्हा स्विंग घ्या, पण रंगवण्यासाठी तयार क्लास एक्स्टेंड करू नका. रेंडरर पाहिजे तर टेबलसेलरेंडरर इंटरफेस स्वतः इम्प्लिमेंट करा, नुसती सजावट पाहिजे तर 2011 च्या जावा 7 पासून जेलेयर आहेच, तो टेबलाला बाहेरून गुंडाळता येतो.

सिंपल मोडमध्ये स्क्रोल जुन्या पीसीवर थोडं जड जातंय. लोगो काढूया का म्हणून विचारलं, मालक म्हणाले स्क्रोल हळू चालेल, लोगो राहूदे.