संरक्षणाचा अर्ज की पोलिसांत गुन्हा?

छळाला कंटाळलेल्या स्त्रीला नातेवाईक बहुधा ‘केस करायची का?’ एवढेच विचारतात. पण ही केस दोन अगदी वेगळ्या वाटांनी करता येते, आणि तिला आधी निवारा हवा आहे की छळणाऱ्याला शिक्षा, यावर निवड ठरते.

पहिली वाट २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची. यात दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून मारहाणीला मनाई, राहत्या घरातून बाहेर न काढण्याचा आदेश, खर्चासाठी पैसे, मुलांचा तात्पुरता ताबा आणि नुकसानभरपाई मागता येते. घर तिच्या नावावर असण्याची अट नाही. ते सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी तिचा राहण्याचा हक्क केवळ त्या कारणाने नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. पगारदार नवरा पैसे देत नसेल, तर त्याच्या मालकाला ती रक्कम पगारातून परस्पर देण्यास सांगता येते, ही तरतूद फारशी कोणाला ठाऊक नसते. आई, बहीण किंवा लग्नाविना एकत्र राहणारी जोडीदार यांनाही हा कायदा लागू होतो. अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता आदेश पहिल्याच अर्जात मागावा.

दुसरी वाट फौजदारी. जुने कलम ४९८-अ १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आले. नवरा किंवा त्याच्या नातेवाइकांच्या क्रूरतेला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो, आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानंतर सरसकट अटक होत नाही, आणि या खटल्यातून घर किंवा पोटगी मिळत नाही. जीवघेणी मारहाण किंवा हुंड्यासाठी सतत छळ असेल, तर ही वाट टाळू नये. माहेरी आल्यावर तिथल्या ठाण्यातही तक्रार देता येते. ठाणेदार नुसती ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेत असेल, तर मागे हटू नये.

दोन्ही वाटा एकाच वेळी चालू शकतात, तरी माझ्या मते बहुतेकींनी सुरुवात २००५ च्या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे करावी. तो भरून घेतो त्या घटना अहवालात शिवीगाळ, पगार काढून घेणे, घराचा एखादा भाग वापरू न देणे असे रकाने असतात, आणि सोबत स्त्रीधनाची यादी व डॉक्टरांचा दाखला जोडता येतो. तारखा आठवून लिहिलेला हा कागद पुढे दोन्हीकडे उपयोगी पडतो.

रात्रीच घर सोडावे लागले तर महिला हेल्पलाइन १८१ किंवा आपत्कालीन क्रमांक ११२ वर फोन करावा. सखी केंद्रात, म्हणजे पीडित स्त्रियांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात, थोड्या दिवसांचा आसरा, वैद्यकीय मदत आणि समुपदेशन मिळते. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, आणि त्यासाठी स्त्रीला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. समुपदेशनातून समझोता झाला तरी तो लेखी घ्यावा.

न्यायालयाच्या आदेशाची प्रत तिला मोफत मिळते आणि पोलीस ठाण्यालाही जाते. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि तो गुन्हा दखलपात्र (पोलीस न्यायालयाच्या परवानगीशिवाय कारवाई करू शकतात असा) असल्याने त्या वेळी पोलिसांना ‘हा घरगुती वाद आहे’ म्हणून हात झटकता येत नाहीत.