अमेरिकेतली मराठी घरं मोजायची तर : जनगणना ब्युरोचं संकेतस्थळ किती कामाचं?

न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी मंडळाला ज्येष्ठांसाठी दुभाषा मागायचा असेल, तर समोरून आधी आकडा विचारला जातो : मराठी बोलणारे किती, आणि त्यांतल्या कितींचं इंग्रजीवाचून अडतं? तो आकडा डेटा डॉट सेन्सस डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतो, खातंही उघडावं लागत नाही. फक्त तक्ता नीट निवडायला हवा.

हे आकडे ब्युरोच्या ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’ या नमुना पाहणीतून येतात. बहुतेक जण घरात बोलल्या जाणाऱ्या भाषांचा तक्ता, एस १६०१, उघडतात. काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) निवडली की ५ ते १७, १८ ते ६४ आणि ६५ च्या पुढचे, अशी वयवार विभागणी दिसते. तक्ता सुटसुटीत आहे, पण भाषांचे गट चारच. मराठी आजी इथे रशियन, पोर्तुगीज आणि गुजराती आज्यांबरोबर ‘इतर इंडो-युरोपीय’ गटात मोजली जाते. तमिळ-तेलुगू तर आशियाई गटात जातात, त्यामुळे ‘भारतीय भाषा’ अशी बेरीज इथे करूच नये. बी १६००१ या अधिक तपशिलाच्या तक्त्यात गुजराती, हिंदी, बंगाली स्वतंत्र आहेत. मराठी मात्र नेपाळी आणि इतर भाषांच्या एकाच ओळीत.

इंग्रजीच्या रकान्यात खरी गोम आहे. पाहणीच्या फॉर्मवर ‘इंग्रजी कितपत बोलता?’ याला चार पर्याय असतात : व्हेरी वेल, वेल, नॉट वेल, नॉट ॲट ऑल. पहिला सोडून बाकी तिन्ही ‘इंग्रजी कमी’ धरले जातात. संकोचाने ‘वेल’वर खूण करणारा इंजिनिअरही त्यातच येतो. शिवाय घरातला एक जण सगळ्यांची उत्तरं भरतो, आणि माणशी एकच भाषा मोजली जाते. आपल्याकडच्या जनगणनेत मातृभाषेखेरीज आणखी दोन भाषा नोंदवतात, ती सोय इथे नाही.

पाहणी नमुन्याची, म्हणून आकड्याशेजारचा ± (चूक किती असू शकते, त्याचा) रकाना वगळू नका. समजा १२०० ± ४५० दिसलं, तर ९० टक्के खात्रीने खरा आकडा ७५० ते १६५० मध्ये आहे. एकाच वर्षाच्या उत्तरांचे तक्ते ६५,००० च्या वरच्या वस्तीसाठीच निघतात. छोट्या गावासाठी पाच वर्षांची उत्तरं एकत्र केलेले घ्या, मात्र २०१७-२१ आणि २०१८-२२ यांची तुलना करू नका. चार वर्षं दोन्हींत तीच आहेत.

निव्वळ मराठी हवी असेल तर याच संकेतस्थळावरचं मायक्रोडेटाचं (नावं काढून टाकलेल्या एकेका माणसाच्या उत्तरांचं) साधन, एमडॅट, उघडा. पाच वर्षांचा संच घेऊन एलएएनपी (भाषा), ईएनजी (इंग्रजी) आणि एजीईपी (वय) हे तीन चल (माहितीचे रकाने) निवडा. वय सुटंसुटं येतं, त्याचे गट आपणच पाडायचे. इथे मराठी वेगळी सापडते आणि ‘वेल’वालेही बाजूला काढता येतात. यातला सर्वांत लहान विभाग मात्र किमान एक लाख वस्तीचा असतो. एखाद्या गल्लीचा किंवा एका शाळेच्या हद्दीचा आकडा इथून निघणार नाही. तो मंडळाने स्वतः घरोघरी विचारूनच मिळेल.