‘ईसीएम गेलं’ म्हणाले की आधी कोड विचारा

उंदराने कुरतडलेल्या एका वायरपायी माझ्याकडून ३३,८०० रुपये उकळले. त्यातले १,८०० ‘कूलंट सेन्सर’चे (इंजिन किती तापलं ते मोजणारा) आणि ३२,००० ‘नवीन ईसीएम’चे (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर). ईसीएम बदललंच नव्हतं. तक्रार ग्राहक आयोगात आहे म्हणून गॅरेजचं नाव लिहीत नाही, पण त्यांनी हे कसं केलं ते तपशीलवार लिहितो. असाच डाव कुणाही गाडीवाल्यावर टाकता येतो.

गाडी पेट्रोल, बीएस-६. मे महिन्यात नागपुरात पुढचं सगळं सुरू झालं. चावी फिरवली रे फिरवली की रेडिएटरचा पंखा घोंघावायला लागायचा, सकाळी इंजिन गार असतानासुद्धा. अ‍ॅव्हरेज पडलं, सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी धरली आणि मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, कूलंट सेन्सर बदलला, कोड (ईसीएमने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक) पुसला. दिवा विझला आणि लगेच पुन्हा लागला. मग त्याने स्क्रीन माझ्यासमोर धरली. इंजिनचं तापमान : उणे ४०.

“बघा सर, नागपूरच्या उन्हात उणे चाळीस! कॉम्प्युटर येडा झाला. ईसीएम गेलं.”

ऐकायला कसं पटतं ना! खरं तर तोच आकडा ओरडून सांगत होता की वायर तुटली आहे.

कूलंट सेन्सर म्हणजे दोन वायरींचा साधा थर्मिस्टर. गार असताना त्याचा रोध जास्त, तापला की कमी. २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम, तर ८० अंशांना तीनशेच्या आसपास. ईसीएम त्याला आतल्या एका रेझिस्टरमधून ५ व्होल्ट देतं आणि किती व्होल्ट उरले त्यावरून तापमान काढतं. वायर तुटली की करंट वाहतच नाही आणि पूर्ण ५ व्होल्ट तसेच दिसतात. ईसीएमच्या कोष्टकात त्याचा अर्थ ‘अतिशय गार’, म्हणून पडद्यावर सगळ्यात खालचा आकडा येतो. तो बहुतेक गाड्यांत उणे ४० असतो. ईसीएमलाही हे खोटं वाटतं. म्हणून ते दिवा लावतं आणि इंजिन तापून बसू नये म्हणून पंखा सुरू ठेवतं. पण खरं तापमान माहीत नसल्याने पेट्रोलचा हिशेब बिघडतो. गार इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं, म्हणून इंजेक्टर जास्त वेळ उघडे राहतात आणि इंजिन गरम होईपर्यंत ऑक्सिजन सेन्सरचं ऐकलं जात नाही. एरवी एका भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे प्रमाण तोच सेन्सर सांभाळतो. काजळी आली ती त्यामुळे. म्हणजे माझं ईसीएम वेडं झालेलं नव्हतं, चुकीच्या माहितीवर शहाण्यासारखं वागत होतं.

माझ्या गाडीतला कोड होता पी०११८ : कूलंट सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. ‘सर्किट’ म्हणजे सेन्सर, कनेक्टर, वायर आणि ईसीएमची पिन, सगळं मिळून. कोड कधीच सांगत नाही की अमुक पार्ट बदला. ईसीएमचीच मेमरी किंवा प्रोसेसर बिघडला तर सहसा पी०६०१, पी०६०६ असे कोड येतात. माझ्या गाडीत त्यांतला एकही नव्हता. शिवाय ईसीएमचा ५ व्होल्टचा पुरवठाच बसला असता तर त्यावरच चालणारे थ्रॉटल आणि मॅप (हवेच्या दाबाचा) सेन्सरही त्याच वेळी बोंबलले असते. तेही ठणठणीत होते.

पैसे त्यांनी यूपीआयवर घेतले, तेही कुणाच्या तरी वैयक्तिक नंबरवर. बिलाच्या नावाखाली व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ : ‘ईसीएम न्यू ३२००० फायनल’. जुना पार्ट मागितला तर म्हणे तो एक्स्चेंजमध्ये कंपनीला परत जातो. मी हटून बसलो तेव्हा आतून एक अ‍ॅल्युमिनियमचा डबा आणून दिला. गाडी त्याच संध्याकाळी मिळाली. दिवा बंद, पंखा शांत.

पावसाळा लागला आणि पंखा पुन्हा घोंघावू लागला. या वेळी गाडी एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्यांनी स्कॅनर लावून उणे ४० पाहिलं, सेन्सरचा कनेक्टर काढला आणि त्याच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या. वायरिंग धड असेल तर आकडा झटकन शंभराच्या वर जायला हवा. तो उणे ४० वरून हलला नाही. “भाऊ, सेन्सरचा दोष नाही. वायर तुटली आहे.” (ही युक्ती फक्त या दोन वायरींच्या सेन्सरपुरती. तीन वायरींच्या सेन्सरवर करायला जाल तर खरंच काहीतरी जाळाल.) मग ते हाताने हार्नेस (वायरींचा जुडगा) चाचपत गेले. बॅटरीच्या ट्रेखाली सगळी टेप धुळीने राखाडी झालेली, आणि मध्येच वीतभर नवी चकचकीत काळी टेप. ती सोडली. आत वायरीची दोन टोकं नुसती पिळलेली, ना सोल्डर ना स्लीव्ह, तांबं हिरवं पडलेलं. शेजारच्या वायरींवर उंदराचे दात स्पष्ट.

म्हणजे गॅरेजवाल्याला बिघाड सापडला होता. त्याने टोकं पिळून टेप लावली आणि बिल ईसीएमचं फाडलं.

ईसीएमच्या बोल्टांवर कारखान्यातल्या रंगाच्या खुणा जशाच्या तशा होत्या, आणि स्टिकरवरची तारीख गाडीच्याच वर्षातली. तो ‘जुना’ डबा? त्याच्या सॉकेटला माझ्या गाडीचा कनेक्टर बसेचना. कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीचा. आणखी एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी अशी : माझ्या मॉडेलमध्ये नवं ईसीएम इमोबिलायझरशी (चोरी रोखणारी, चावी ओळखणारी यंत्रणा) जुळवल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही. त्या कामाचा अवाक्षरानेही उल्लेख झाला नव्हता.

इलेक्ट्रिशियनने वायरीचा नवा तुकडा सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली आणि ३५० रुपये घेतले.

तुमच्याकडे असा दिवा लागला तर कोड पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो काढा, फ्रीझ फ्रेमसकट. कोड लागला त्या क्षणाचा वेग, आरपीएम, तापमान त्यात असतं आणि कोड पुसला की तेही जातं. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला लागणारं ब्लूटूथ स्कॅनर काही शे रुपयांत मिळतं, एवढं वाचायला ते पुरतं. ईसीएम बदलायचं म्हणाले तर आधी आपल्या ईसीएमच्या स्टिकरचा फोटो घ्या आणि नव्याचा नंबर जीएसटी बिलावर मागा.

गॅरेजवाला आता म्हणतो, बिल नाही तर केस कसली. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, पण त्याने दाद दिली नाही. म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही. यूपीआयची नोंद, व्हॉट्सअ‍ॅपची ती ओळ, माझ्या ईसीएमच्या आणि त्या डब्याच्या स्टिकरांचे फोटो आणि इलेक्ट्रिशियनचं लेखी निवेदन अर्जाला जोडलं आहे. परका डबा सांभाळून ठेवला आहे, सुनावणीला सोबत नेणार आहे.