राखणीची बॅटरी: झूमवाली, डोक्याची की साधी हातातली?

भात पोटरीला आलं की कुडाळ-कणकवलीच्या बाजारात बॅटऱ्या मागायला गिऱ्हाईक येतं, आणि पहिला प्रश्न असतो, ‘लांब किती जाते?’ रानडुकरांपासून भात राखायला बंदूक सोबत असेल तर कसोटी वेगळी हवी: तीस मीटरवर हलतंय ते डुक्कर की माणूस, हे बंदूक खांद्याला लागायच्या आधी कळतं का?

झूमवाली पाच-सहाशेला मिळते आणि सगळ्यात जास्त तीच खपते. झोत आवळला की लांबवर एक चौकोनी ठिपका पडतो, भोवती मिट्ट काळोख. ठिपक्यात पाठ दिसते, पाय दिसत नाहीत. इरलं किंवा प्लास्टिकची खोळ घेऊन बांधावर वाकलेल्या माणसाची पाठ अंधारात डुकरासारखीच दिसते. पावसाळाभर कुर्ल्या पकडणारे व्हाळाच्या कडेने फिरत असतात, कधी बॅटरी विझवून.

त्यात डोळ्यांच्या चमकेवर भरवसा ठेवला जातो. गुरं, कुत्रा, कांडेचोर (उदमांजर) यांच्या डोळ्यांत मागे प्रकाश परतवणारा पडदा असतो, म्हणून ते चमकतात. डुकराला हा पडदा नसतो. माणसालाही नसतो. ‘चमक नाही म्हणजे डुक्करच’ असं मानून काढलेला बार माणसाला लागू शकतो. पाय, मान, चाल दिसल्याशिवाय ओळख पटली असं म्हणू नये.

डोक्याची बॅटरी पाणंदीतून जाताना उत्तम, फुरसं वेळेत दिसतं. पण धुकं किंवा बारीक पाऊस असला की डोळ्यांच्या अगदी वरून निघालेला उजेड थेंबांवरून परत डोळ्यांतच येतो आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. हातातली बॅटरी कमरेपाशी धरली की हे बरंच कमी होतं.

बंदुकीच्या नळीला टेपने बॅटरी बांधायची सवय तर मोडायलाच हवी. मग बघायचं म्हणजे रोखायचं. ज्याच्यावर उजेड पडतो त्याच्यावर नळीही असते, मग तो शेजारचा काका का असेना.

आमची पसंती घट्ट बसवलेल्या रिफ्लेक्टरच्या, झूम नसलेल्या हातातल्या बॅटरीला. मधला झोत आणि भोवतीचा पसरट उजेड एकदम मिळतो, त्यामुळे अख्खं अंग दिसतं आणि मागे गडगा आहे की वाट, तेही. खोक्यावर १०,००० कँडेला (झोताचा जोर) बघून घ्या; अशा बॅटरीवर ‘२०० मीटर’ पल्ला लिहिलेला असतो. ‘२०० मीटर’ म्हणजे तिथे उजेड ०.२५ लक्स (पडलेल्या उजेडाचं माप) उरतो, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. तेवढ्यात ओळख पटत नाही. ३० मीटरवर हीच बॅटरी सुमारे ११ लक्स देते. बॅटरी सोबतच्या दुसऱ्या माणसाच्या हातात द्यावी आणि आधी मोठ्याने हाक मारावी. डुक्कर पळालं तरी भात वाचलंच ना!

बॅटरीत बसणाऱ्या १८६५० मापाच्या रिचार्जेबल सेलवर ‘९,९००’ एमएएच (साठवणक्षमता) छापलं असेल तर तो घेऊ नका. या मापात ३,६०० एमएएचच्या फारसं वर कोणी जात नाही. दुकानातच तराजूवर ठेवा. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, खोटा बराच हलका.

कायद्याचंही सांगायला हवं. शेतीसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे, ती वनखात्याची वेगळी लागते. काजू चोरणाऱ्याचा जीव घेण्याइतका बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेचं कलम ४१ नुसत्या चोरीला देत नाही. चुकून माणूस मेला तर ‘सद्भावनेने चूक झाली’ म्हणता येतं, पण योग्य ती काळजी न घेता केलेलं कृत्य कायदा सद्भावनेचं मानतच नाही. उजेड पाडून खात्री करणं ही त्यातली पहिली काळजी.

भीतीपुढे मात्र कुठलीच बॅटरी चालत नाही. २०२३ साली अमेरिकेत कॅन्सस सिटीत भावांना आणायला निघालेल्या १६ वर्षांच्या मुलाने चुकून दुसऱ्याच घराची बेल वाजवली, आणि घरमालकाने दारातूनच गोळ्या झाडल्या. मुलगा वाचला. अंतर काही पावलांचंच होतं.

खाऱ्या हवेत स्प्रिंग आणि झाकणाचे आटे हिरवे पडतात आणि बॅटरी ऐन वेळी लुकलुकते. पंधरा दिवसांनी कोरड्या फडक्याने पुसा, रबरी कड्याला सिलिकॉन ग्रीस लावा, आणि पावसाळा संपला की सेल काढून ठेवा.