मराठीतून आलेला परवाना आणि माझे ४,७०,५०० रुपये

२०२५ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या तीन महिन्यांत एका बनावट सरकारी परवान्यापायी मी ४,७०,५०० रुपये घालवले. घरात ही रक्कम आजवर 'चारएक लाख' अशीच सांगितली जाते; नेमका आकडा येथे प्रथमच लिहीत आहे. अशा फसव्या योजना कशा चालतात हे वाचकांना ठाऊक आहे. मलाही ठाऊक होते, आणि इतरांना शहाणपण शिकवणाऱ्यांत मी पुढे असे.

बेळगावच्या वडगाव भागात माझा यंत्रमागाचा कारखाना होता. शेवटचे चार माग भंगारात घातल्यावर रस्त्याकडेचा गाळा दीड वर्ष रिकामा होता. पत्नीच्या चुलत बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, एका गृहस्थाला घेऊन आले. पांढरा शर्ट, हातात जाड फाईल, बोलणे अत्यंत मर्यादशील. बेंगळुरूच्या घोड्यांच्या शर्यतींवरील पैजा स्वीकारण्यासाठी बेळगाव जिल्ह्यात एकच अधिकृत केंद्र निघणार असून त्यासाठी वर्दळीच्या रस्त्यावरचा गाळा हवा आहे, असे त्याचे म्हणणे होते.

मी जुगारी नाही. आयुष्यात पत्त्याला हात लावलेला नाही. परंतु घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निकाल आहे आणि तो खरा आहे. त्याची झेरॉक्स फाईलमध्ये सर्वांत वर लावलेली होती. खऱ्या कागदाखाली खोटे कागद ठेवले की वाचणारा वरचाच वाचतो. माझे तेच झाले.

अर्जाचे शुल्क १५,५०० रुपये मी फोनवरून भरले. पंधरा दिवसांनी परवाना आला, आणि माझी खरी नामुष्की इथेच आहे. कागदावर कर्नाटकाच्या राज्यचिन्हातला दोन डोक्यांचा पक्षी गंडभेरुंड, खाली गोल शिक्का, आणि संपूर्ण मजकूर मराठीत. 'मुंबई रेसकोर्स परवाना कायदा, १९१२ अन्वये' अशी सुरुवात. सातबाऱ्याच्या उताऱ्यापासून पाणीपट्टीच्या बिलापर्यंत सरकारी कागद मराठीतून मिळावेत म्हणून ज्या गावात वर्षानुवर्षे मोर्चे निघतात, निवेदने दिली जातात, त्या गावातल्या माणसाला बेंगळुरूहून शुद्ध मराठीत परवाना येतो आणि त्याला शंका येत नाही! शंका सोडाच, मी तो कागद दोन वेळा मोठ्याने वाचला आणि पत्नीला म्हणालो, "बघ, मागायला येत असेल तर मिळतंय."

कायद्याचे नाव मात्र मला खटकले होते, एवढे माझ्या बाजूने लिहून ठेवतो. मी विचारले की आपण कर्नाटकात, मग मुंबईचा कायदा कसा? तो फाईलवाला गृहस्थ शांतपणे म्हणाला, "काका, १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यातच होतं की. जुन्या मुंबई भागाला अजून तोच कायदा लागतोय." ज्या तारखेला आम्ही सीमाभागातले मराठी लोक दरवर्षी निषेध म्हणून दंडाला काळी फीत बांधतो, तीच तारीख त्याने माझ्यासमोर ठेवली. त्यापुढे मी एक शब्द बोललो नाही. १९१२ चा कायदा अस्तित्वात आहे, पण त्याखालचा परवाना महाराष्ट्र सरकार देते. मुंबईचे महालक्ष्मी आणि पुणे येथील शर्यती त्यावर चालतात. कर्नाटकात परवाना दिला जातो तो म्हैसूर रेसकोर्स परवाना कायदा, १९५२ खाली. राज्याचे नाव १९७३ मध्ये बदलले, या कायद्याच्या नावात म्हैसूर तसेच राहिले. परवान्यासाठी अर्ज करायचा तो ज्याच्या ताब्यात शर्यतीचे मैदान आहे त्याने, आणि द्यायचा तो राज्य सरकारने. कर्नाटकात अशी मैदाने बेंगळुरू आणि म्हैसूर येथे आहेत. वडगावच्या गाळ्यात घोडा पळत नाही, हे कळायला कायद्याचे पुस्तक लागत नाही.

पैसे कसे गेले ते क्रमाने सांगतो. अनामत ३,००,००० रुपये: त्यांपैकी २,००,००० हुबळीच्या एका खात्यावर आरटीजीएसने, आणि १,००,००० रोख, शिनोळी फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात. रोख का, असे मी विचारले. अधिकारी कोल्हापूरहून परतताना तिथेच थांबतात, असे उत्तर मिळाले. मग अनामतीवर २८ टक्के जीएसटी म्हणून ८४,०००. ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर असल्याचे मी वर्तमानपत्रात वाचले होते (सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० झाला), त्यामुळे आकडा ओळखीचा वाटला. तो कर लावलेल्या पैजेवर असतो, परत मिळणाऱ्या अनामतीवर नव्हे. ओळखीचा आकडा दिसला की अधिक तपासा, कमी नव्हे. त्यानंतर पैज नोंदवण्याच्या यंत्राचे ४६,००० रोख, आणि शेवटी 'फाईल वरून खाली आणण्यासाठी' २५,००० रोख. हे शेवटचे पैसे कशाचे होते ते मला समजत होते. पत्नीच्या पाटल्या याच वेळी गहाण पडल्या.

करारनामा महाराष्ट्राच्या ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर झाला. व्यवहार कर्नाटकातला, गाळा कर्नाटकातला, मुद्रांक पलीकडचा! ज्या तेलगीने देशभर बनावट मुद्रांक खपवले, त्याचे खानापूर माझ्या घरापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे, आणि तरीही मी त्या कागदाची मागची बाजूसुद्धा उलटून पाहिली नाही.

यंत्र एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आले. बसवाहकाच्या हातात असते तेवढे, करड्या रंगाचे, कोपऱ्यात टवका उडालेला. कागदाचे रीळ घालून लाल बटण दाबले तेव्हा चिठ्ठी बाहेर आली: 'दुचाकी पार्किंग, १० रुपये, वाहनाची जबाबदारी मालकाची.' त्या संध्याकाळपासून त्या गृहस्थाचा फोन बंद आहे. दाजी म्हणतात की त्यांचेही ३५,००० गेले. मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो, पण दिवाळीला आम्ही त्यांच्याकडे गेलो नाही.

यापुढची कथा पोलिसांची आहे. पहिल्या ठाण्यात सांगण्यात आले की तक्रार कन्नडमध्ये हवी. कोर्टाबाहेरच्या लेखनिकाकडून ३०० रुपयांत ती करून घेतली, तेव्हा सांगण्यात आले की रोख रक्कम शिनोळीत दिली असल्याने ती महाराष्ट्राची हद्द आहे. पलीकडच्या ठाण्यात गेलो, तर तेथील हवालदाराने कन्नड कागद दोन बोटांत धरून विचारले, "हे कोण वाचणार?" मराठी प्रत दिली, मग गाळा बेळगावात, खाते हुबळीत, म्हणून मी परत जावे असे ठरले. अशा तीन फेऱ्या झाल्या. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी माहिती नोंदवून घेतली पाहिजे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. मी त्याची प्रत काढून टेबलावर ठेवली, तेव्हा मलाच विचारण्यात आले की तुम्ही वकील आहात का. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन केला तेव्हा घटनेला एकोणीस दिवस उलटले होते आणि खाते रिकामे झालेले होते. तो फोन पहिल्या तासात करायचा असतो. ठाण्याची पायरी नंतर. बँकेने गुन्ह्याची नोंद मागितली, ठाण्याने बँकेचे पत्र मागितले. एका वरिष्ठ कार्यालयात दिलेला अर्ज 'योग्य कार्यवाहीसाठी' त्याच पहिल्या ठाण्याकडे परत आला. तिथल्या अधिकाऱ्याने दिलेल्या रकमांच्या माझ्या तक्त्याचा कागद वाचत शेवटच्या ओळीवर पेन ठेवले आणि म्हणाला, "हे पंचवीस हजार कशाचे, ते आधी लिहून द्या." मी निरुत्तर झालो. तक्रारीत ती रक्कम लिहिली नाही तर हिशेब जुळत नाही, लिहिली तर मीच लाच देणारा ठरतो. असा एखादा हप्ता कोणी मागितला, तर तो तुमच्या तोंडाला लावलेले कुलूप आहे असे समजा. शिवाय केंद्र उघडले असते तर मीच आत गेलो असतो, कारण रेसकोर्सच्या आवाराबाहेर घेतलेली पैज कर्नाटक पोलीस कायद्यात जुगारच ठरते. हेही त्याच अधिकाऱ्याने हसत हसत सांगितले. चार महिन्यांत त्याने मला दिलेली ती एकमेव उपयुक्त माहिती.

शेवटी दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात बेंगळुरूला अर्ज केला, परवान्याचा क्रमांक कळवून. हे दहा रुपये फेब्रुवारीत भरता आले असते. उत्तर सहा आठवड्यांनी आले: या क्रमांकाचा परवाना देण्यात आलेला नाही. साडेतीन ओळींचे ते पत्र संपूर्ण कन्नडमध्ये होते आणि नातीने ते मला वाचून दाखवले. त्याच्या दोन प्रती घेऊन सोमवारी ठाण्यात बोलावले आहे; पलीकडच्या ठाण्यासाठी मराठी भाषांतर वेगळे करावे लागणार आहे.