अमेरिकी काँग्रेसचा ऑनलाइन चरित्रकोश: तारखांना पक्का, माणसाला तोकडा

काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, आजवरच्या सगळ्या सदस्यांच्या नोंदी असलेला हा सरकारी कोश मोफत आहे. तो पारखायला साउथ कॅरोलायनाचे रॉबर्ट स्मॉल्स (१८३९–१९१५) यांची नोंद उघडावी, कारण त्यांची कारकीर्द सलग नाही.

तारखा चोख आहेत: ४ मार्च १८७५ ते ३ मार्च १८७९, १९ जुलै १८८२ ते ३ मार्च १८८३, १८ मार्च १८८४ ते ३ मार्च १८८७. घोळ होतो तो मधल्या तुकड्यात. ४७वी काँग्रेस (प्रत्येक दोन वर्षांच्या कार्यकाळाला असा क्रमांक असतो) ४ मार्च १८८१लाच सुरू झाली होती. १८८०च्या निवडणुकीत त्यांचे प्रतिस्पर्धी जॉर्ज टिलमन विजयी ठरले, स्मॉल्सनी निकालाला आव्हान दिलं आणि प्रतिनिधिगृहाने (काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाने) स्मॉल्सच्या बाजूने कौल देईपर्यंत सोळा महिने गेले. सदस्य म्हणून त्यांची भाषणं १८८१च्या कामकाजात शोधली तर हाती काहीच लागणार नाही. १८८४ची जागा तेव्हाचे सदस्य एडमंड मॅकी यांच्या निधनाने रिकामी झालेली, आणि मतदारसंघही बदललेला: आधी पाचवा, आता सातवा.

कोशाचा साचा पदं आणि तारखांचा, त्यामुळे माणूस निसटतो. १३ मे १८६२च्या पहाटे गुलामगिरीत असलेल्या या सुकाणूवाल्याने ‘प्लँटर’ हे कॉन्फेडरेट (यादवी युद्धातल्या दक्षिणेकडच्या फुटीर राज्यांचं) जहाज कुटुंबासकट चार्ल्सटन बंदरातून पळवलं, किल्ल्यांना ठरलेले इशारे देत थेट उत्तरेच्या आरमाराकडे नेलं. १८७७ साली लाचखोरीच्या खटल्यात शिक्षा झाली, १८७९मध्ये माफी मिळाली. हे सगळं वाचायचं तर प्रतिनिधिगृहाच्या इतिहास विभागाच्या संकेतस्थळावरचं विस्तृत चरित्र गाठावं. कोशावर थांबणाऱ्याला अर्धेच स्मॉल्स भेटतात.

भाषणांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचा जुना कामकाज-संग्रह इथे निरुपयोगी, तो १८७५लाच संपतो. ‘गव्हइन्फो’ या सरकारी संकेतस्थळावर कामकाजाचे १८७३पासूनचे बांधीव खंड आहेत, तिकडे जा. तिथे नुसतं आडनाव टाकून शोधू नका: ‘स्मॉल’ हा साधा इंग्रजी शब्द पानोपानी येतो, शिवाय स्कॅनमधली अक्षरओळख अधूनमधून चुकते. त्यापेक्षा त्या अधिवेशनाचा सूची-खंड उघडून सदस्याच्या नावाखाली पाहा. विधेयकं, अर्ज, भाषणं पृष्ठांकांसह मिळतात.