नाक्तखेबोरेन म्हणजे ‘नग्न जन्मलेला’? डच आडनावांच्या ऑनलाइन संग्रहाचं परीक्षण

डच शब्दकोश उघडला की नाक्तखेबोरेन या आडनावाची फोड सहज होते: ‘नाक्त’ म्हणजे नग्न, ‘खेबोरेन’ म्हणजे जन्मलेला. फोड सोपी, पण अर्थ चुकीचा. मूळ शब्द जर्मन ‘नाखगेबोरेन’, म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतर जन्मलेलं मूल. जर्मन ‘नाख’चा अर्थ ‘नंतर’; डच तोंडी त्याचं ओळखीचं ‘नाक्त’ झालं. १८११ मध्ये नेपोलियनने आडनावं नोंदवायला लावली तेव्हा लोकांनी चिडून अशी विचित्र नावं घेतली, ही कथा फार पसरली आहे. पण बरीच आडनावं त्याआधीपासूनच चालत आलेली होती.

अशा नावांसाठी ‘नेदरलँड्से फामिलिनामेनबँक’ हा मोफत संग्रह खरोखर मोलाचा आहे. त्यात तीन लाखांहून जास्त नावं आहेत आणि १९४७ व २००७ अशा दोन वर्षांची मोजणी नकाशासह मिळते. एखाद्या नावाची माणसं पाचपेक्षा कमी असतील तर नेमका आकडा दिसत नाही. व्युत्पत्ती मात्र प्रत्येक नावाला दिलेली नाही. दुर्मीळ नावांच्या बाबतीत अनेकदा फक्त आकड्यांवर भागवावं लागतं.

शोधताना ‘व्हान’, ‘दे’ हे उपपद बाजूला ठेवून मुख्य शब्द टाकावा. ‘दे फ्रीस’ हे नाव नेदरलँड्समध्ये ‘फ्रीस’खाली लागतं, बेल्जियममध्ये ‘दे’खाली; कागदपत्रं हरवल्यासारखी वाटतात ती बहुधा इथेच. रोमन लिपीत ‘आयजे’ आणि ‘वाय’ ही दोन्ही स्पेलिंगंही तपासावीत.

नकाशा आधी १९४७ चा पाहावा, कारण नंतरच्या स्थलांतराने मूळ प्रदेश पुसट होतो. पाहतानाही लोकसंख्येच्या प्रमाणातला नकाशा निवडावा. नुसत्या संख्येच्या नकाशावर ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम ही मोठी शहरं ठळक दिसतात आणि नाव तिथलंच असावं असं वाटू लागतं. खरं तर तिथे फक्त माणसं जास्त आहेत.

नकाशावर एखादा कोपरा गडद दिसला की पुढचं काम जन्म-मृत्यू नोंदींचं. १८११ नंतरच्या नागरी नोंदी ‘वी वास वी’ या डच वंशावळ-संकेतस्थळावर नावाने शोधता येतात, त्याआधीच्या काळासाठी त्या गावच्या चर्चच्या बाप्तिस्मा-वह्या चाळाव्या लागतात. नाक्तखेबोरेनसारख्या नावाची जुनी स्पेलिंगं सापडायची शक्यता सर्वांत जास्त याच वह्यांमध्ये.